पंप लवकर संपत नाही

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका मित्राने विचारलं, "शनिवारी दुपारी असता कुठे हल्ली? बॅडमिंटनला नाही, फोन उचलत नाही." आम्ही म्हटलं, "डबे पोचवायला जातो." तो क्षणभर गप्प झाला. मग पानातल्या श्रीखंडाकडे बघत हळूच म्हणाला, "नोकरी ठीक आहे ना रे?"

नोकरी ठीक आहे. हे डबे धंद्याचे नाहीत. शिकागोच्या आमच्या उपनगरात एका चर्चच्या तळघरात एकट्या राहणाऱ्या, घराबाहेर पडता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी जेवण तयार होतं आणि आमच्यासारखे लोक ते आपापल्या गाडीतून घरोघर पोचवतात. 'मील्स ऑन व्हील्स' म्हणून ह्या देशात सगळीकडे अशी कामं चालतात. आमच्या वाट्याला अकरा घरं आहेत. २०२१ च्या वसंतात सुरुवात केली ती खरं सांगायचं तर मुलाच्या शाळेला समाजसेवेचे तास दाखवायचे होते म्हणून. मुलाचे तास केव्हाच भरले. आम्ही मात्र अडकलो ते अडकलोच.

(आम्ही म्हणजे आम्ही दोघं. लेख कोण लिहितंय आणि मागे उभं राहून कोण दुरुस्त्या सुचवतंय ते वाचकांनी ओळखायच्या भानगडीत पडू नये. पुढे जी आई येते ती एकाची आई आणि दुसऱ्याची सासू आहे. कोणाची काय, हे त्या दिवशी घरात वारा कुठून वाहतोय त्यावर ठरतं.)

सुरुवातीला आमचाही समज त्या मित्रासारखाच होता. अमेरिकेतले म्हातारे म्हणजे गोल्फ, फ्लोरिडा आणि घराएवढी मोठी आर-व्ही. गरीब म्हातारे आपल्याकडे. इथे सरकार बघतं. ह्या समजात तथ्य अगदीच नाही असंही नाही. १९५९ साली ह्या देशातली पासष्टीच्या पुढची सुमारे ३५ टक्के माणसं दारिद्र्यरेषेखाली होती; २०२२ साली हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास आला. १९३५ चा सोशल सिक्युरिटीचा कायदा आणि १९६५ ची मेडिकेअर ह्यांचं ते मोठं श्रेय आहे. पण दहा टक्के म्हणजे दहातलं एक माणूस, आणि तेही आपल्याला दिसतं कुठे? ते दुकानात येत नाही, देवळात येत नाही, गाडी चालवत नाही. आम्हालाही आमच्या घरापासून चार मैलांवर राहणारी ही माणसं पंधरा वर्षांत दिसली नव्हती.

आई आमच्याकडे २०१९ च्या ऑक्टोबरात ग्रीन कार्डावर आली. वडील गेल्यानंतर नाशिकच्या घरात एकटीने राहायची तिची तयारी होती, आमची नव्हती. कोविडचं वर्ष तिने खिडकीतून बर्फ बघत काढलं. लस झाल्यावर एका शनिवारी म्हणाली, "मी पण येते तुमच्या डब्याबरोबर. बसून बसून गुडघे धरलेत."

तिसऱ्या घरी एक ऐंशीच्या पुढच्या बाई राहतात. (कुणाची ओळख पटेल असं काही आम्ही मुद्दामच लिहीत नाही.) फार गोड स्वभाव. दर आठवड्याला डबा घ्यायच्या आणि त्यातलं सफरचंद काढून आम्हाला परत द्यायच्या. "मुलाला द्या," म्हणायच्या. आम्ही ते कौतुकाने घ्यायचो. घरी सफरचंदांची टोपली भरली होती. आई त्या दिवशी दारात उभी होती, तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, आणि गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "अरे, तिला दातच नाहीत खालचे. सफरचंद काय चाटून खाईल?"

आम्ही तीन महिने जात होतो. दोन इंजिनियर, तीन पदव्या. आम्हाला दिसलं नव्हतं.

मग हळूहळू कळत गेलं. १९६५ साली मेडिकेअर झाली तेव्हा नेहमीची दातांची कामं, चष्मे आणि कानाची यंत्रं तिच्यातून वगळलेली होती, आणि मूळ मेडिकेअरमध्ये ती आजही वगळलेलीच आहेत. काही खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांत दातांसाठी थोडंफार मिळतं, पण पूर्ण कवळीचं काम बहुतेक वेळा त्यात बसत नाही. म्हणजे हृदयाची मोठी शस्त्रक्रिया होईल, पण दात मिळणार नाहीत. आणि दात नसले की काय होतं? कच्ची भाजी जाते, फळ जातं, दाणे जातात, मांस जातं. उरतो मऊ पांढरा पाव आणि डब्यातलं सूप. डब्यातल्या सूपमध्ये मीठ किती असतं ते एकदा डबा फिरवून मागे वाचा. मग रक्तदाब. त्याच्यावर गोळी. मेडिकेअरच्या खात्यावर रक्तदाब दिसतो, त्याच्या आधीचे दात कुठेच दिसत नाहीत.

चर्चमधल्या बाईंना सांगून आम्ही त्या घरच्या डब्यात सफरचंदाच्या जागी ॲपलसॉसची वाटी सुरू करून घेतली. एवढंच. पण त्या दिवसापासून आईला गाडीत पुढची सीट मिळाली.

२०२२ च्या जुलैमधली गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा बनियनवर बसलेले, पाय पाण्याच्या बादलीत. खिडक्या बंद, कारण गल्लीतून कोणी चढून येईल ही भीती. खिडकीत एसी होता, त्याच्यावर चादर घातलेली. बंद पडलाय का विचारलं तर म्हणाले, चालतो छान, मुलगी आली की लावतो. मुलगी ख्रिसमसला येते. विजेच्या बिलासाठी सरकारी मदत मिळते, 'लायहीप' म्हणून योजना आहे, फॉर्म आम्ही भरून देतो, असं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "ती गरिबांसाठी असते."

शिकागोकरांना इथे १९९५ चा जुलै आठवेल. निदान त्या वेळी इथे असलेल्यांना. १३ जुलैला तापमान १०६ फॅरनहाइटला, म्हणजे ४१ सेल्सियसला गेलं. आपण नाशिक-जळगावची माणसं म्हणू, त्यात काय मोठंसं? त्या आठवड्यात ह्या शहरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागाराच्या बाहेर रेफ्रिजरेटरचे ट्रक उभे करावे लागले. एरिक क्लिनेनबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञाने त्यावर २००२ साली 'हीट वेव्ह' नावाचं पुस्तक लिहिलं, ते ग्रंथालयातून आणून आम्ही आळीपाळीने वाचलं. मेलेल्यांत म्हातारी, गरीब, एकटी राहणारी माणसं फार होती. नंतरच्या तपासणीत आढळलं की एकटं राहणारे, रोज घराबाहेर न पडणारे आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे ह्यांना धोका जास्त होता. आणि ज्यांच्याकडे चालू एसी होता किंवा ज्यांचं कोणाकडे जाणं-येणं होतं, ते वाचले.

ह्यातलं शरीरशास्त्र सरळ आहे. अंग थंड ठेवायचं तर रक्त कातडीकडे ढकलावं लागतं, म्हणजे हृदयावर भार. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान लागत नाही, वरून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी पाण्याची गोळी चालू असते. म्हणजे कूलंटही कमी आणि पंपही जुना! अशा यंत्राला बंद खोलीत सलग तीन रात्री ठेवलं तर काय होणार ते सांगायला इंजिनियर लागत नाही. आजोबांचा एसी शेवटी आईने लावला. चादर काढली, घडी केली, बटण दाबलं आणि मराठीत दटावलं. ते हसले. पुढच्या शनिवारी चादर परत तिथेच होती.

गरीब कोणाला म्हणायचं, ह्याचाही एक किस्सा आहे. ह्या देशाची दारिद्र्यरेषा मॉली ओर्शान्स्की ह्या सोशल सिक्युरिटी खात्यातल्या बाईंनी १९६३-६४ च्या सुमारास मांडली. त्या स्वतः न्यू यॉर्कमध्ये गरीब स्थलांतरित आईबापांच्या पोटी जन्मलेल्या. १९५५ च्या एका पाहणीत कुटुंबं मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करतात असं दिसलं होतं. म्हणून सर्वांत स्वस्त आहाराचा खर्च काढा, त्याला तीनने गुणा, झाली रेषा. महागाईप्रमाणे ती वाढवत आज साठ वर्षं तीच वापरात आहे. आणि त्यात एक मेख आहे: म्हातारी माणसं कमी खातात, सबब त्यांची रेषा खाली. २०२३ साली पासष्टीच्या आतल्या एकट्या माणसाची रेषा वर्षाला १५,८५२ डॉलर होती, पासष्टीच्या पुढच्याची १४,६१४. म्हणजे वय वाढलं की माणूस त्याच पैशांत थोडा श्रीमंत होतो! औषधं, दात, चष्मा ह्यांचा त्या हिशेबात पत्ता नाही. सेन्सस ब्यूरो २०११ पासून दुसरंही एक माप छापतं, त्यात पदरचा औषधपाण्याचा खर्च उत्पन्नातून वजा करतात. त्या मापाने २०२२ साली म्हाताऱ्यांतले गरीब १० टक्क्यांवरून एकदम १४ टक्क्यांवर जातात.

त्या चार टक्क्यांतल्या एक बाई आमच्या यादीत होत्या. सोशल सिक्युरिटीचे महिना बाराशेच्या आसपास, त्यातले सातशे भाडं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गोळ्या कापायचं छोटं प्लॅस्टिकचं यंत्र. आईने ते हातात घेऊन उघडलं, आतली पांढरी भुकटी बोटाला लावून बघितली आणि काही बोलली नाही. औषधांचा मेडिकेअर पार्ट डी २००६ साली आला. त्यात मधेच एक खड्डा होता, त्याला हे लोक 'डोनट होल' म्हणायचे, त्या टप्प्यात औषधं पदरच्या पैशांनी घ्यावी लागत. २०२२ च्या कायद्याने बरीच सुधारणा झाली. २०२३ पासून इन्शुलिनला महिना ३५ डॉलरची मर्यादा, २०२५ पासून पार्ट डीच्या औषधांवर पदरच्या खर्चाला वर्षाची मर्यादा, २०२५ साली ती २,००० डॉलर होती. चांगलंच झालं. पण बाराशेत राहणाऱ्याला दोन हजार म्हणजेही जवळजवळ दोन महिने झाले. फार कमी उत्पन्न असलेल्यांसाठी 'एक्स्ट्रा हेल्प' नावाची सवलत आहे, ज्यांना ती मिळू शकते असे कित्येक लोक अर्जच करत नाहीत. त्या बाईंनीही केला नव्हता. कारण विचारू नका. आजोबांनी ते आधीच सांगितलंय.

इथपर्यंत हा लेख दुसऱ्यांबद्दल होता. आम्हालाही तसंच वाटत होतं.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्यांचा जुनाट आजार. इथे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती सिगारेटी ओढत होतात? भाषांतर ऐकून आई इतकी हसली की तिला खोकला लागला. मग डॉक्टर विचारात पडले आणि म्हणाले, स्वयंपाक कशावर करत होतात?

ह्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. सिन्नर तालुक्यात चुलीवर. लग्न झालं आणि १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा वीस वर्षांची ती दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. सुकडी खाऊन आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन. ही मिलो अमेरिकेतून येई. "तुमच्या अमेरिकेची मला तुमच्याआधी ओळख," असं ती आम्हाला ऐकवते. मग वडिलांना सातपूरला कारखान्यात काम लागलं, एका खोलीत बिऱ्हाड झालं आणि चुलीची जागा भुशाच्या शेगडीने घेतली. ती सकाळी ठासून भरायची, दिवसभर धुमसायची. त्यानंतर रॉकेलचा स्टो. गॅस आला तेव्हा आमच्यातला एकजण चौथीत होता. म्हणजे वीस-बावीस वर्षं तो धूर, आणि खोलीला एक खिडकी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स ह्यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की जगात तंबाखू ओढणारे साधारण १ अब्ज, पण लाकूड-शेण-पाल्याच्या धुरात राहणारे ३ अब्ज. तेव्हा ह्या आजाराचं सर्वांत मोठं कारण कदाचित सिगारेट नसून चूल असेल. आम्ही परिस्थिती बदलली, देश बदलला, फ्लॅटचं घर झालं. फुप्फुसं तीच राहिली.

तर तिला रोजचा एक पंप दिला. सकाळी दोन पफ, रात्री दोन. पंपाच्या मागे छोटा काउंटर असतो, १२० पासून खाली मोजत जातो. महिन्याला एक पंप. आम्ही मधूनमधून विचारायचो, "आई, पंप आणायचा का?" ती म्हणायची, "आहे अजून. हा पंप लवकर संपत नाही, चांगला आहे." आणि आम्ही जेवताना एकमेकांना सांगायचो की औषध लागू पडलंय.

२०२३ च्या जानेवारीत साध्या सर्दीने तिला तीन रात्री हॉस्पिटलात काढाव्या लागल्या. ऑक्सिजन लावला होता. दुसऱ्या रात्री तिच्या पिशवीतून चष्मा काढताना पंप हाताला लागला. काउंटरवर ५८. पिशवीवर चिकटवलेल्या दुकानाच्या चिठ्ठीवर तारीख, चाळीस दिवसांपूर्वीची. पाढे म्हणायची गरजच नव्हती. चाराच्या जागी दिवसाला दीड. ह्या औषधाचं असं आहे की ते लगेच मोकळं करत नाही, सूज हळूहळू दाबून ठेवतं. म्हणून कमी घेतलं तरी दोन-चार आठवडे काही कळत नाही. माणसाला वाटतं, चालतंय की.

त्याच चिठ्ठीवर किंमत होती. विमा वजा जाऊन ६४ डॉलर. घरी आल्यावर आई म्हणाली, "चौसष्ट गुणिले ब्याऐंशी. बावन्नशे अठ्ठेचाळीस रुपये होतात." डॉलरचा भाव तिला आमच्यापेक्षा नेमका माहीत असतो. वडिलांच्या मागे तिला ईपीएफच्या योजनेतून विधवा पेन्शन मिळते, महिना १,००० रुपये. २०१४ मध्ये सरकारने ठरवलेला किमान आकडा. नाशिकच्या बँकेत ती जमा होते. तिच्या स्वतःच्या नावावर येणारी जगातली तेवढी एकच रक्कम. एका पंपात तिची पाच महिन्यांची पेन्शन जात होती.

"अगं, पण पैसे तुझे कुठे जात होते? आम्ही देत होतो ना?"

"म्हणून तर," ती म्हणाली.

हॉस्पिटलच्या बिलात आमच्या वाट्याला जे आलं त्यात सात-आठ वर्षांचे पंप आले असते. ते तिला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, सांगून टाकलं. दोन दिवस जेवली नाही नीट. चूक झाली आमची.

आपल्या मंडळात आईवडिलांना ग्रीन कार्डावर आणलेली घरं पुष्कळ आहेत, म्हणून नियम लिहून ठेवतो. पासष्टीच्या पुढे मेडिकेअर विकत घ्यायची तर ह्या देशात सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं; तोपर्यंत मार्केटप्लेसचा विमा. इथे स्वतः किंवा जोडीदाराने चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षं काम केलेलं नसेल तर पार्ट ए फुकट नाही. अजिबात काम न केलेल्यांना २०२५ साली पार्ट ए महिना ५१८ डॉलर आणि पार्ट बी १८५. आईबाबा दोघं असतील तर चौदाशेच्या वर, औषधांचा विमा वेगळा. एसएसआय ही गरीब वृद्धांची मदत २२ ऑगस्ट १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्डवाल्यांना जवळजवळ बंद झाली; नागरिकत्व मिळालं किंवा त्या चाळीस तिमाह्या भरल्या तरच. आणि तीही २०२५ साली महिना जास्तीत जास्त ९६७ डॉलर, तीसुद्धा एकट्या माणसाची शिल्लक दोन हजारांच्या आत असेल तर. ही दोन हजारांची मर्यादा १९८९ पासून हललेली नाही.

आईवडिलांना बोलावताना आपण आय-८६४ नावाच्या फॉर्मवर सही करतो. बहुतेकांनी न वाचता केलेली असते. आम्ही तर केलीच होती. त्याचा अर्थ असा की त्या नागरिक होईपर्यंत किंवा चाळीस तिमाह्या भरेपर्यंत त्यांचा भार आपला, आणि सरकारी मदतीच्या अर्जात आपलं उत्पन्न हे त्यांचं उत्पन्न धरलं जातं. हिशेब म्हणून त्यात वावगं नाही. पण गंमत बघा. आमचं उत्पन्न तिचं आहे असं सरकार धरतं. ती धरत नाही. चार बेडरूमच्या घरात, तळघरात ट्रेडमिल, आणि महिना बारा डॉलरवर राहणारी एक बाई. आम्ही डबे घेऊन चार मैल जात होतो.

तेव्हापासून दोन-तीन घरी सहज विषय काढून पाहिला. एका काकूंचा चष्मा सहा वर्षांपूर्वीचा निघाला, "चालतोय की" म्हणाल्या. एक काका भारतात जातील तेव्हा दात करणार होते. चार वर्षं झाली, जाणं झालेलं नाही. दोन्ही घरांतल्या मुलांना आमचं विचारणं आवडलं नाही. आम्हालाही कोणी विचारलेलं आवडलं नसतं.

आईच्या नावाने इथे बँकेत खातं उघडलं, महिन्याच्या एक तारखेला त्यात पैसे जातात, मागावे लागत नाहीत. कार्ड दिलं. पहिल्या वर्षात तिने ते दोनदा वापरलं. एकदा कोथिंबिरीला आणि एकदा नातवाच्या वाढदिवसाला. सुरुवातीला आम्ही औषधाच्या पिशवीवरची किमतीची चिठ्ठी फाडून टाकायचो. ती म्हणाली, "लपवताय म्हणजे महागच असणार." आता चिठ्ठी तशीच ठेवतो. २०२४ च्या शेवटी तिची पाच वर्षं भरली आणि मेडिकेअर मिळाली, औषधाचा विमा बदलला, पंप थोडा स्वस्त झाला. डॉलर मात्र वर गेला, त्यामुळे रुपयांत तिच्या मते फारसा फरक नाही.

शनिवारी ती अजून येते. गोळ्या कापणाऱ्या बाईंचा 'एक्स्ट्रा हेल्प'चा फॉर्म भरून घेतला, तो तिच्याच आग्रहाने. टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि फॉर्म होईपर्यंत उठलीच नाही. आजोबांच्या एसीवर चादर आहेच.

गेल्या महिन्यात नवीन पंप आणला तेव्हा जुना हातात घेऊन आम्ही काउंटर बघितला. तीस दिवस झाले होते, शून्य असायला हवा होता. १४ होते. तिने आमच्याकडे बघितलं.

"मागं टाकला थोडा," म्हणाली. "असावा घरात."